हँडब्रेकचे दोन आकडे कागदावर लिहा : मुंबईत गाड्या पास करणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र मुंबईत गाड्या पास करणाऱ्या सगळ्या मोटार वाहन निरीक्षकांना आहे, ऑटोमॅटिक टेस्टिंग सेंटर चालवणाऱ्यांना आहे, आणि परिवहन खात्यात बसून हे नियम ठरवणाऱ्या साहेबांना आणि मॅडमना पण आहे. माझी मागणी एकच आहे म्हणून ती आधीच सांगून टाकते, मग बाकीचं वाचा. गाडी तपासताना हँडब्रेक वेगळा तपासा, डाव्या चाकाला किती जोर आला आणि उजव्या चाकाला किती ते मोजा, आणि ते दोन आकडे गाडीमालकाच्या हातात कागदावर द्या. बस.

आता हे का लिहावंसं वाटलं ते सांगते.

आम्ही असल्फ्याला राहतो, डोंगराच्या उतारावर. ज्यांनी आमचा भाग बघितलाय त्यांना माहितीये की इथे सपाट जागा अशी नाहीच, गाडी लावायची म्हणजे एक तर नाक खाली नाहीतर नाक वर. आमची गाडी २००९ ची छोटी हॅचबॅक, २०२४ मध्ये तिला १५ वर्षं झाली म्हणून रजिस्ट्रेशन रिन्यू करायला नेली. कुठल्या ऑफिसात नेली ते मी मुद्दाम लिहित नाहीये कारण मला कोणा एका माणसाला पकडायचं नाहीये, आणि दुसऱ्या ऑफिसात वेगळं काही झालं असतं असं पण मला वाटत नाही. तिथे चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घेतला, हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकलाइट, हॉर्न, वायपर बघितले, नंबरप्लेट बघितली, मग थोडी पळवून ब्रेक मारायला लावला. गाडी सरळ रेषेत थांबली, कुठे ओढली नाही. पास. हँडब्रेकला कोणी हात लावला नाही. मला पण तेव्हा त्यात काही खटकलं नाही हे खरं सांगते, पाच वर्षांचं काम झालं म्हणून मी खुशीत घरी आले.

त्यानंतर बाराव्या दिवशी गल्लीत उतारावर गाडी लावली, हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये टाकायची राहिली. ती चूक माझी, ती मी कोणावर ढकलत नाही. गाडी पाच-सात मिनिटं नीट उभी होती. मग धाकट्या भावाने मागे डिकीत तांदळाची गोण ठेवली, गाडी जरा दबली, आणि सुटली. आवाज नाही काही नाही, इंजिन बंद असलेली गाडी येताना कळतच नाही. खाली वळणावर भाजीवाल्या मावशी बसतात, त्यांच्या हातगाडीवर जाऊन आदळली. मावशी नेमक्या समोरच्या नळावर बाटली भरायला उठल्या होत्या. त्यांच्या बसायच्या लाकडी स्टुलाचे दोन तुकडे झाले होते, ते तुकडे मी हातात घेऊन बघितले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने जे केलं ते लक्षात घ्या कारण सगळं पत्र त्याच्यावरच आहे. त्याने पुढच्या चाकांना दगड लावले, मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, मला आत बसवून हँडब्रेक पूर्ण ओढायला सांगितला आणि बाहेरून एकेक चाक हाताने फिरवलं. उजवं चाक जेमतेम हललं. डावं चाक गरगर फिरलं. डाव्या बाजूची केबल आवरणाच्या आत गंजून अडकली होती, लिव्हर ओढला तरी ती पुढे सरकतच नव्हती, म्हणजे पूर्ण गाडी एका चाकाच्या झिजलेल्या लायनरवर, म्हणजे चाकाला घासून धरणाऱ्या पट्टीवर, उभी होती. किती दिवस अशी होती? तो म्हणाला एवढा गंज बारा दिवसांत धरत नाही ताई, दोन पावसाळे तरी गेले असतील. हे सगळं बघायला त्याला दहा मिनिटं लागली आणि यंत्र म्हणाल तर दोन जॅक.

म्हणजे ज्या दिवशी गाडी पास झाली त्या दिवशी पण तिचा हँडब्रेक अर्धाच होता.

मला माहितीये काही जण म्हणतील हँडब्रेक काय पार्किंगला लागतो, खरा ब्रेक पायाचा. माझे बाबा असं कोणी बोललं की चिडायचे. त्यांनी ३१ वर्षं काळीपिवळी चालवली, पद्मिनी, त्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेल्या तेव्हा ते आजारी होते तरी मला फोटो दाखवायला लावले. ते सांगायचे पायाचा ब्रेक ऑइलवर चालतो, कुठे पाइप फुटला, व्हील सिलिंडर गळायला लागला, मास्टर सिलिंडरचं रबर गेलं की पाय खाली जातो. हँडब्रेक तारेवर चालतो, त्याचा ऑइलशी संबंध नाही, म्हणून पाय रिकामा गेला की हातात शेवटचं तेच उरतं. आता गाड्यांच्या ऑइलच्या ब्रेकला दोन वेगळे मार्ग, म्हणजे दोन सर्किट असतात, एक गेलं तरी दुसरं निम्मं काम करतं, पण हँडब्रेक वेगळा ठेवायचं कारण तेच आहे. मलबार हिलच्या चढावर सिग्नलला उभं राहायचं असलं की बाबा पाय काढून हँडब्रेकवर गाडी धरायचे, आणि उतारावर पार्क केली की हँडब्रेक, गिअर, पुढची चाकं फुटपाथकडे वळवलेली आणि वर मागच्या चाकाला एक दगड. तो दगड कायम डिकीत असायचा. पासिंगच्या आदल्या दिवशी स्वतः आडवे पडून लायनर ॲडजस्ट करायचे आणि दोन्ही चाकं सारखी धरतात का ते हाताने फिरवून बघायचे, अगदी त्या मेकॅनिकने केलं तसंच. टॅक्सीला पासिंग होतं म्हणून त्यांना ती सवय होती.

आणि इथेच मला मोठा प्रश्न पडतो. टॅक्सी, ट्रक, टेम्पो यांना फिटनेस ठरावीक काळाने करावंच लागतं, गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. पण आपल्या खाजगी गाडीचं काय? नवी घेतली की रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं. या १५ वर्षांत सरकार धूर तपासतं, पीयूसी नसेल तर दंड आहे, आमच्या जुन्या गाडीला तर दर सहा महिन्यांनी पीयूसी काढावी लागते. पण ब्रेक? १५ वर्षं कोणीही बघत नाही. म्हणजे आमच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी तीसेक वेळा तरी घातली गेली असेल आणि हँडब्रेक एकदाही कोणी ओढून बघितला नाही. धूर तपासू नका असं माझं म्हणणं अजिबात नाही, मुंबईची हवा काय झालीये ते आपण सगळे श्वास घेतोच आहोत. पण १५ वर्षांनी जी एक तपासणी होते, आणि त्यानंतर परत पाच वर्षांनी, त्यात तरी हँडब्रेक सुटता कामा नये ना?

बाहेर कसं करतात ते मी गेले काही महिने वाचत होते, कारण मला वाटलं आपण मागतोय ते कदाचित फारच जास्त आहे. तर तसं नाहीये. ब्रिटनमध्ये १९६० पासून गाड्यांची ही तपासणी आहे, सुरुवातीला १० वर्षांच्या पुढच्या गाड्यांची आणि त्यात मुख्य काय तर ब्रेक, स्टिअरिंग आणि लाइट. १९६७ पासून ती ३ वर्षांवर आणली, म्हणजे आज तिथे साधी घरगुती कार ३ वर्षांची झाली की दरवर्षी तपासायला न्यावी लागते. तिथे गाडी रोलरवर चढवतात. आपल्याकडच्या ऑटोमॅटिक सेंटरमध्ये पण रोलर असतात, पण ज्यांनी कधी बघितले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत डाव्या चाकाखाली दोन रोलर आणि उजव्या चाकाखाली दोन, मोटर ते रोलर हळूहळू फिरवते आणि त्यांच्यावर गाडीची चाकं फिरतात. मग ब्रेक दाबला की चाक थांबायला बघतं, रोलर त्याला फिरवायला बघतो, आणि या ओढाताणीत किती जोर लागला तो डावीकडचा वेगळा आणि उजवीकडचा वेगळा आकडा समोर येतो. ब्रेक न दाबताच काटा वर असेल तर ब्रेक चिकटतोय. सारखा दाबून धरला तरी काटा वरखाली नाचत असेल तर डिस्क वाकडी किंवा ड्रम लंबगोल झालाय. हे सगळं ट्रॅकवर पळवून ब्रेक मारण्यात कळणार नाही, तिथे फक्त गाडी थांबली की नाही आणि कुठे ओढली की नाही एवढंच कळतं.

मग सगळ्या चाकांचा जोर मिळवायचा, गाडीच्या वजनाने भागायचं, टक्के काढायचे. ब्रिटनमध्ये पायाच्या ब्रेकला जुन्या कारना ५० टक्के लागतात आणि सप्टेंबर २०१० नंतरच्या कारना ५८. हँडब्रेकला दोन सर्किटवाल्या गाडीत १६ टक्के लागतात. १६ ऐकून मला आधी फार कमी वाटले पण हिशोब करून बघा. १००० किलोची गाडी धरली तर १६ टक्के म्हणजे १६० किलोचा जोर, आणि १०० फूट पुढे गेल्यावर १६ फूट चढणारा जो रस्ता असेल तेवढ्या उतारावर ती गाडी साधारण तेवढ्याच जोराने खाली ओढली जाते. म्हणजे १६ टक्के हा काही हवेतून काढलेला आकडा नाही, तो उताराचा आकडा आहे. आता माझ्या गाडीचं बघा, समजा दोन्ही चाकं मिळून कसेबसे १६० देत असतील आणि त्यातलं एक मेलं, तर राहिले ८०. १०० ला ८ चढणाऱ्या उतारावर ती जेमतेम उभी राहील, त्याच्यावर जरा तीव्र उतार आला, कोणी मागे गोण टाकली, की गेली. आमच्या गल्लीत नेमकं हेच झालं.

आणि ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ती ही. युरोपियन युनियनच्या २०१४ च्या निर्देशात हँडब्रेक एका बाजूला काम करत नसेल तर तो मोठा दोष म्हणून स्वतंत्र लिहिलाय. टक्क्यांचा हिशोब नंतरचा, एक बाजू मेली की गाडी नापास. पायाच्या ब्रेकला पण एका ॲक्सलवर एका चाकाचा जोर दुसऱ्याच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर दोष, म्हणजे उजवीकडे २०० आले आणि डावीकडे १३० तर चालणार नाही, कारण ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर गाडी एका बाजूला ओढली जाणार. माझी गाडी तिकडे असती तर पहिल्याच मिनिटाला परत पाठवली असती, आणि मावशींचं स्टूल आज शाबूत असतं.

जिथे रोलर चालत नाही तिथे पण त्यांनी रस्ता काढलाय. चारही चाकं कायम जोडलेली असतात अशा काही गाड्या रोलरवर तपासता येत नाहीत, त्यांना रस्त्यावर चालवून ब्रेक मारतात आणि आत ठेवलेल्या छोट्या मीटरने वेग किती झपाट्याने कमी झाला ते मोजतात. शिवाय हाताने तपासायच्या गोष्टी आहेतच. लिव्हर ओढून त्याला वरून आणि दोन्ही बाजूंनी टपली मारून बघायची, रॅचेटचे, म्हणजे लिव्हर ओढल्या जागी अडकवून ठेवणाऱ्या पट्टीचे, दात झिजले असतील तर तेवढ्या धक्क्याने सुटतो. लिव्हर शेवटपर्यंत वर येतोय का बघायचं, म्हणजे केबल ताणली किंवा लायनर संपले. कार्पेट उचलून लिव्हर जिथे बसवलाय तिथला पत्रा गंजलाय का बघायचं, आपल्या मुंबईत हे तर पहिलं बघायला पाहिजे, इथे चार महिने पाणी, गुडघाभर तुंबलेल्या रस्त्यातून गाड्या जातात, आणि वर समुद्राची खारी हवा. तो चिखल केबलच्या आवरणात शिरतो, ड्रममध्ये बसतो आणि मग उन्हाळ्यात गाडी महिनाभर गावी जाताना उभी ठेवली की तिथेच जाम होतो.

साहेब, मी तुमची बाजू पण बघितलीये. सकाळी नऊला मी लाइनीत होते तेव्हा पुढे किती गाड्या होत्या ते मला दिसत होतं, रिक्षा, टेम्पो, स्कूलबस, आणि बघणारा माणूस एकच. उन्हात उभा. ट्रॅकचा प्रश्न तर हायकोर्टापर्यंत गेला होता, ब्रेक टेस्टला २५० मीटरचा ट्रॅक हवाच हे शेवटी कोर्टाने सांगितलं, म्हणजे जागा नाही, माणसं नाहीत, हे मला कळतं. ऑटोमॅटिक सेंटरचे नियम २०२१ ला आले, मोठ्या गाड्यांना ते १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचं होणार होतं आणि मग ती तारीख पुढे ढकलली. सेंटर उभी राहतील तेव्हा राहतील. तोपर्यंत गाडी सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक ओढायला सांगा, पहिला गिअर टाकून क्लच हळू सोडायला सांगा, इंजिन बंद पडलं पाहिजे, गाडी पुढे गेली तर हँडब्रेक गेला. याला अर्धं मिनिट लागतं. याने डावं-उजवं कळणार नाही हे खरं, त्याला रोलर नाहीतर जॅकच पाहिजे, पण एकदम मेलेला हँडब्रेक तरी पकडला जाईल.

नवीन गाड्यांचं वेगळंच झालंय. आता लिव्हर नाहीच, बटण आहे, बटण दाबलं की मागच्या चाकाच्या कॅलिपरमधली, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागातली, छोटी मोटर पॅड आवळते आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. लोकांना वाटतं दिवा लागला म्हणजे ब्रेक लागला. दिवा फक्त सांगतो की कमांड गेली आणि सिस्टिमला काही चूक दिसली नाही, चाक किती धरलंय ते रोलरवरच कळणार. लिव्हर निदान हाताला सांगायचा, सैल लागला की माणूस गॅरेजला जायचा, बटण काहीच सांगत नाही. ऑटोमॅटिक गिअरवाले तर हँडब्रेक वापरतच नाहीत, पी मध्ये टाकतात आणि उतरतात. पी म्हणजे गिअरबॉक्समधला एक खटका आहे, तो चक्राच्या दातात अडकतो, तो ब्रेक नाही, आणि उतारावर सगळं वजन त्या एका खटक्यावर देऊन वर्षानुवर्षं गाडी उभी करायची हे बरोबर नाही. मागे डिस्क असलेल्या काही गाड्यांत अजून एक भानगड आहे, लांबून गरम होऊन आलेली गाडी उतारावर लावली की डिस्क थंड होताना पकड थोडी ढिली होते आणि मालक घरात चहा घेत असताना गाडी सरकू शकते. म्हणून तर म्हणते की हा विषय जुन्या गाडीवाल्यांचाच आहे असं समजू नका. आज मुंबईत प्रत्येक नव्या टॉवरला पोडियम पार्किंग आहे, रॅम्पवर गाड्यांची रांग लागते, आणि त्याच रॅम्पवर संध्याकाळी मुलं सायकल चालवतात.

आता तो कागदाचा मुद्दा. मला पास झाल्याचं सर्टिफिकेट मिळालं त्यावर तारीख होती, किती सालापर्यंत व्हॅलिड ते होतं. माझ्या गाडीचा ब्रेक किती आहे ते कुठेच नव्हतं. रक्ताची तपासणी केली तर लॅब नुसतं ‘ठीक आहे’ असं लिहून देत नाही ना, हिमोग्लोबिन किती ते लिहिते आणि शेजारी किती हवं ते पण लिहिते. मला डावा ९० उजवा ८५ असा कागद मिळाला तर मी तो गाडीत ठेवेन, पुढच्या वेळी डावा ४० आला तर मला कळेल की केबल खराब होत चाललीये, गॅरेजवाल्याला दाखवता येईल. तो पण मग ‘पासिंगपुरतं करून देतो’ म्हणणार नाही कारण आकडा परत मोजला जाणार आहे. आणि एजंट गाडी घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आणून दिली, मालकाला काहीच माहीत नाही, असं जे चालतं त्यात पण मालकाच्या हातात काहीतरी राहील. ब्रिटनमध्ये गाडीचा नंबर टाकला की कोणालाही त्या गाडीच्या जुन्या तपासण्या ऑनलाइन दिसतात, कशात पास कशात नापास. आपल्याकडे ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर इन्शुरन्स दिसतो, पीयूसी दिसते, फिटनेसची तारीख दिसते, तिथेच हे दोन आकडे दाखवले तर सेकंड हँड गाडी घेणाऱ्या माणसाचं किती भलं होईल.

१५ वर्षांची अट बदलणं हे दिल्लीचं काम आहे, ते तुमच्या हातात नाही हे मला माहितीये. पण आमच्यासारख्या कोणाला स्वतःहून गाडी रोलरवर घालून बघायची असेल, पासिंग नको, शिक्का नको, फक्त आकडे हवेत, तर तशी सोय करायला काय हरकत आहे? पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये महिनाभर ठेवा, वाजवी फी लावा, मी पहिल्या दिवशी लाइनीत उभी राहीन आणि गल्लीतल्या सात-आठ गाड्या घेऊन येईन, मी सगळ्यांना विचारून ठेवलंय.

आमच्या गाडीच्या दोन्ही केबल बदलल्या, मागचे लायनर नवे टाकले, ड्रम साफ केले. आता पाचव्या टकला लिव्हर घट्ट होतो आणि दोन्ही चाकं सारखी धरतात, मी स्वतः फिरवून बघितलीत. मावशींना नवीन स्टूल दिलं आणि हातगाडीचं चाक बदलून दिलं, त्या आता वळणाच्या अलीकडे भिंतीला लागून बसतात. मी विचारलं तर म्हणाल्या, तिकडून वरच्या गाड्या दिसतात.

आपली,
एक गाडीमालकीण, असल्फा, घाटकोपर पश्चिम